मालकाचा तास

ज्या माणसानं मला ट्रक शिकवला, त्यानं सुरुवातीचे कित्येक दिवस मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ही मी तक्रार म्हणूनच सांगते आहे. पुढे जे झालं ते झालं, पण म्हणून ही तक्रार मी मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

परभणीच्या बाहेर, पिंगळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. पत्र्याची लांबलचक शेड, पुढे मुरमाचं मैदान आणि मैदानात एक ट्रक. फाटकावरच्या बोर्डावर लिहिलं होतं की इथे उद्याचे चालक घडवले जातात. हे वाक्य आमच्या मॅनेजरसाहेबांचं. ते पुण्याहून आलेले, तरुण, कायम घाईत असलेले, पण मनानं चांगले. आम्ही शिकावं, वेळेत पास व्हावं आणि कामाला लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माझीही तेवढीच होती. आमच्या दोघांच्या मध्ये हा माणूस उभा होता.

त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. सोनपेठकडचा, साठी ओलांडलेला, सगळा देश ट्रकमधून पाहिलेला. भर उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. केबिनमध्ये चढताना देवळात जाताना काढतात तशा चपला काढून खाली ठेवायचा. मग गाडी निघून जायची आणि चपला मैदानात राहायच्या. परत आल्यावर आमच्यावरच ओरडायचा, "मह्या चपला कुणी नेल्या?"

माझं सांगायचं तर माझ्या वडिलांची मेंढरं-बकऱ्या आहेत. नवऱ्याशी पटेना म्हणून मी लेकीला घेऊन माहेरी आले आणि घरचा टेम्पो चालवायला लागले. बकऱ्या भरायच्या आणि आज सोनपेठ, उद्या मानवत असे बाजार करायचे. मानवतला एक जिनिंगवाले शेठ मला येता-जाता बघायचे. ते एकदा म्हणाले, "बाई, मोठ्या गाडीचं लायसन्स काढ. कापसाच्या गाठी वाहायला तुला गाडीवर ठेवतो, महिन्याचा पगार देतो. पण हंगाम सुरू व्हायच्या आत ये. उशीर झाला तर मी कुणासाठी थांबणार न्हाई." लेक आठवीत होती, हुशार होती, आणि बकऱ्यांच्या बाजारावर तिचं शिक्षण होणार नव्हतं. लायसन्ससाठी केंद्राचा दाखला लागत होता आणि दाखल्यासाठी उस्तादचा होकार. एवढी साधी गोष्ट होती. त्या साध्या गोष्टीपायी या माणसानं माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे हौसेनं ट्रकभोवती जमलो. आमच्या तुकडीत मी एकटीच बाई. उस्ताद म्हणाला, "फिरा." आम्हाला वाटलं, गाडी फिरवा म्हणतोय. तो म्हणाला, "गाडीभवती फिरा. पायी." आम्ही फिरलो. "काय दिसलं?" काही दिसलं नव्हतं. "परत फिरा." दुपारपर्यंत आम्ही लग्नातल्या नवरा-नवरीसारखे त्या ट्रकभोवती फिरत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा छंद त्याला स्वतःलाही होता. तो साध्या रिक्षातसुद्धा तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय बसत नसे. आत बसलेली माणसं शिव्या द्यायची, हा खाली वाकून टायर बघत राहायचा. एकदा परभणीच्या स्टँडवर आम्ही बरोबर होतो, तर हा एसटीच्या खाली डोकं घालून बघायला लागला. कंडक्टरनं काळजीनं विचारलं, "काका, काय पडलं का तुमचं?"

"अजून न्हाई पडलं," उस्ताद म्हणाला.

त्याचा सगळ्यात आवडता किस्सा त्याच्या पुतणीच्या लग्नाचा होता. थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. नवरदेवाला आणायला जीप निघणार, तेवढ्यात याचं लक्ष ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे गेलं. लग्नसराईत तो बिचारा एकामागून एक वऱ्हाडं वाहत होता, झोपेनं डोळे लाल झालेले. उस्तादनं जीपची चावी काढून खिशात टाकली आणि ड्रायव्हरला लिंबाखाली झोपवलं. कुणी कितीही समजावलं तरी चावी दिली नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत मुहूर्त टळला. नवऱ्याकडची मंडळी रुसली. थोरल्या भावाला भर मांडवात व्याह्यांसमोर हात जोडावे लागले. त्या दिवसापासून भावानं उस्तादशी बोलणं टाकलं.

"मुहूर्त गेला हे सगळ्यायला दिसलं," उस्ताद सांगायचा, "जीप कुठं आपटली न्हाई हे कुणालाच दिसंना." आणि मग गप्प बसायचा. तो गप्प बसला की आम्ही पांगायचो, कारण त्यानंतर तो हमखास कुणावर तरी ओरडायचा.

मग केंद्रात सिम्युलेटर आला. मोठमोठ्या खोक्यांतून आला आणि जोडला तेव्हा शेडचा एक कोपरा त्यानं व्यापला. खरी सीट, खरं स्टिअरिंग, समोर तीन पडदे. पडद्यावर रस्ता, पाऊस, धुकं, घाट, हवं ते. मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी घरात लेकरू जन्मल्यासारखा आनंद होता. पुढच्या काळात चालक आधी यात शिकतील, इथे चुकतील, आणि रस्त्यावर माणसं मरायची वाचतील, असं ते म्हणाले. मला ते पटलं. आजही पटतं. घाटातला उतार मी पहिल्यांदा त्या पडद्यावरच शिकले.

पहिला मान उस्तादला दिला. तो चपला काढून सीटवर बसला, पडद्यावरचा ट्रक चालू केला, थोडा पुढे नेला आणि एका झाडाखाली उभा केला. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"उस्ताद, चालवा ना," साहेब म्हणाले.

"काय माल भरलाय?"

"माल नाही. हे फक्त चालवायचं असतं."

"मालक कोण हाय गाडीचा?"

"मालक कुणी नाही, उस्ताद."

"मग कशाला चालवू? बिनमालकाची गाडी कुणी बी सरळ चालवंल," असं म्हणून तो उतरला. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मीही मारला.

दसऱ्याला त्यानं आणखी एक उद्योग केला. गाड्यांची पूजा व्हायची, तर सिम्युलेटरचीही झाली पाहिजे, तोही गाडीच आहे, असा त्यानं हट्ट धरला. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, त्याचं पाणी पायातल्या पेडलवर सांडलं ते वेगळंच. मग मला म्हणाला, "बाई, तू हळदीकुंकू लाव." लावायचं कुठं? ट्रकला नाक-डोळे तरी असतात. शोधता शोधता मधल्या पडद्याच्या वर, अगदी कपाळाच्या जागी, एक काळा गोल दिसला. "तिथं," उस्ताद म्हणाला. मी बोटभर हळद आणि बोटभर कुंकू दाबून लावलं.

तो चालकाचे डोळे बघणारा कॅमेरा होता. चालक पेंगायला लागला की यंत्र किंचाळायचं, अशी त्यात सोय होती. दुसऱ्या दिवसापासून सीटवर कुणीही बसलं तरी यंत्र किंचाळायला लागलं. ठणठणीत जागी माणसं बसवली, तोंड धुऊन आणून बसवली, तरी यंत्राचं म्हणणं एकच की हा झोपलाय. फोनवर फोन झाले. शेवटी कंपनीचा माणूस पुण्याहून आला, इकडे-तिकडे बघितलं आणि खिशातल्या रुमालानं कुंकू पुसलं. उस्ताद म्हणाला, "कुकवानं आंधळं व्हायलंय. धुळीनं काय व्हईल?" त्या क्षणी साहेबांनी त्याला काढून टाकलं असतं तरी मी ब्र काढला नसता.

आणि याच सुमाराला त्यानं तो तास सुरू केला, ज्याला आम्ही पुढे मालकाचा तास म्हणायला लागलो. सरकारनं ठरवून दिलेल्या शिकवणीत असा तास नव्हता. त्यानं तो स्वतःच्या डोक्यातून काढला. आम्ही सिम्युलेटरवर बसायचो आणि हा मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःचा फोन कानाला लावायचा. कुणाला लावलेला नसायचाच. तो मालक व्हायचा आणि आम्ही ड्रायव्हर. पडद्यावर अंधार, रस्ता लांब, आणि मागून त्याचा आवाज.

"हां, कुठं हायस?"

"मालक, आत्ताच थांबले. डोळे मिटायलेत."

"मिटायलेत? तोंडावर पाणी मार की. पार्टीला माल पायजे सकाळी."

"मालक, जरा झोपून घेते आन् मग..."

"बाई, सगळे मला हसायलेत. बाईला गाडी दिली म्हणून. मी म्हणलं, न्हाई, ही करून दाखवंल. आन् तूच आसं करायलीस?"

"...बघते मालक."

की उस्ताद खुर्चीतून उठायचा. "उतर. बघते म्हंजे निघते. मेलीस तू. मोटरसायकलीवर नवरा-बायको चालले व्हते, त्यायला बी घेऊन मेलीस."

तो मालक इतका हुबेहूब करायचा की अंगावर काटा यायचा. कधी गोड, कधी शिवराळ, कधी रडका. कधी म्हणायचा, गाडी जरा जास्त भरली आहे, एवढ्याशानं काय होतंय. कधी म्हणायचा, टायर पुढच्या खेपेला बदलू. कधी खुर्चीत बसून खरोखर डोळे पुसायचा की कारखाना बंद पडेल, शंभर घरांची चूल विझेल. आम्ही फक्त एवढंच म्हणायचं होतं, "न्हाई निघत." आणि ते कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. आमच्यात जिंतूरकडचा एक मिशीवाला गडी होता. हात असा साफ की उस्तादही बघत राहायचा. तो तर फोन वाजायच्या आतच "बरं मालक" म्हणायचा. आपल्याकडे मालकाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघतो म्हणतात, करतो म्हणतात, आणि मग निघतात.

चावीचंही त्याचं असंच. "चावी ज्याच्याकडं, गाडी त्याची. मालक आला, मालकाचा बाप आला, गाडीत खोट आसंल तर चावी सोडायची न्हाई."

साहेबांनी त्याला समजावलं. माझ्या समोर समजावलं. "उस्ताद, घाटाचे तास ठरलेत, पावसाचे ठरलेत. हे कुठं बसवू? पोरं चांगली चालवतात, तुम्ही पास करत नाही. तुकडी अडकून पडलीय. आणि काही वर्षांनी ट्रक आपले आपण चालतील, तेव्हा तुमच्या या तासाचं काय करणार?"

"चालू द्या की आपले आपण," उस्ताद म्हणाला. "मी कुठं आडवायलोय? पण साहेब, आपली आपण चालणारी गाडी शेठला न्हाई म्हणंल का? तिला तर बटन दाबलं की निघायचंच ठाव. तवा तर हेच शिकवावं लागंल. बाकी कायच उरणार न्हाई."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. मानवतच्या शेठचा निरोप आला होता की बोंडं फुटायला लागलीत, कुठवर आलंय तुझं?

मी मालकाच्या तासाला किती वेळा नापास झाले ते आठवायचीसुद्धा इच्छा नाही. पण एका दिवसाचं सांगते. त्या दिवशी मी ठरवून आले होते. शिव्या दिल्या तरी नाही म्हणायचं, रडला तरी नाही म्हणायचं. दोनदा म्हटलंही. मग तो मागून अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, लेकीची फी भरली का गं?"

मी सिम्युलेटरवरून उतरले आणि त्याला वाट्टेल ते बोलले. लेकीचं नाव काढायचा तुम्हाला काय अधिकार, म्हटलं. तुमचं कुणी नाही म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं काही वाटत नाही, म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरा मालक ह्येच बोलंल." आणि पुढच्याला हाक मारली. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की उद्यापासून जात नाही. वडील म्हणाले, "जा. त्या माणसावर राग असला तर ट्रकवर काढ." म्हणून गेले.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा लांबच्या रस्त्याचे धडे सुरू झाले. केंद्राचा ट्रक घेऊन एकेकानं उस्तादबरोबर जायचं. माझ्या वाट्याला मानवत आलं. त्या दिवशी मी चांगली चालवली, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं. मानवतला आडत बाजाराच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवायला सांगितली. मी उतरले आणि सवयीनं फेरी मारायला लागले. मागच्या चाकाजवळ बारीक फुसफुस ऐकू आली. वर जाऊन हवेच्या दाबाचा काटा बघितला. इंजिन चालू ठेवलं की हवा भरत होती, पण ब्रेक दोन-तीनदा दाबला की काटा खाली येत होता. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा नाही तर ब्रेक नाहीत.

मी उस्तादला दाखवलं. त्यानं स्वतः ब्रेक दाबून बघितला. "हवा धरंना," म्हणाला. "मिस्त्रीला फोन लाव. तो येईस्तोवर गाडी हलवायची न्हाई." मी इंजिन बंद करून चावी काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. आम्ही सावलीला बसलो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुतणीचा होता, ज्या पुतणीच्या लग्नाचा तो किस्सा. ती इतकी मोठ्यानं बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं. "काका, बाबाचं काय खरं न्हाई आता. तुमचं नाव घ्यायलेत. लौकर या."

क्षणभर मला वाटलं, हाही त्याचा एखादा डाव असेल. पण मालक होताना त्याचा आवाज चढायचा. आता आवाज बसला होता. त्यानं फोन खिशात घालताना दोनदा खिसा चुकवला. हे खरं होतं.

"चल," तो उठला. "गाडी सोनपेठला घे."

"उस्ताद, हवा धरंना की."

"हळूहळू जाऊ. इंजन बंद करायचं न्हाई, काटा वर ऱ्हातो. मी हाय ना बाजूला."

"मिस्त्री यायलाय, उस्ताद."

"कवा येणार तो? एसटीनं पाथरीला जा, तिथून दुसरी बघा... तवर तो ऱ्हाईल का गं? एवढ्या वर्सानं त्यानं नाव घेतलंय मह्यं."

माझ्या डोळ्यांपुढे पाथरीचा रस्ता होता. त्यावर शाळा सुटून घरी जाणारी सायकलवरची पोरं होती, उसाच्या गाड्या होत्या, रस्त्याच्या कडेला बांधलेली जनावरं होती. तत्त्व वगैरे काही नव्हतं डोक्यात.

"माय," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्यानं मला बाईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "माय, मह्यासाठी घे. एकडाव."

बघते, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"न्हाई निघत, उस्ताद."

मग तो चिडला. खेळातला मालक चिडायचा तसा नाही. तोंडाला फेस येईस्तोवर चिडला. "तुला दाखला पायजे ना? मह्या एका शब्दावर हाय तुहं सगळं. हंगाम लागायलाय. बस मग जलमभर बकऱ्या हाकत." मला ते आधीच कळलेलं होतं. शेठचा निरोप आला होता, लेकीचे क्लास लावायचे होते, सगळं आठवत होतं. "मग चावी दे," त्यानं हात पुढे केला. "मी नेतो."

"चावी न्हाई द्यायची."

तो हात तसाच पुढे करून उभा राहिला. आजूबाजूचे हमाल बघायला लागले. एका बाईच्या ओढणीला हात घालणारा तो माणूस नव्हता. थोड्या वेळानं त्यानं हात खाली घेतला आणि मागे न बघता स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. हाक मारावी असं फार वाटलं, पण हाक मारून सांगायचं काय होतं?

मिस्त्री आला, गाडीखाली शिरला, एका जोडावरचं जुनं वायसर काढून नवं घातलं आणि हात पुसत बाहेर आला. मी विचारलं, "अशीच नेली असती तर?" तो म्हणाला, "एवढ्याशानं काय व्हत नसतंय. सावकाश गेले असते तर पोचले असते." असं म्हणून तो चहा प्यायला गेला. मी ट्रकच्या मागे जाऊन रडले. मला त्या मिस्त्रीचा राग आला, उस्तादचा आला, त्या टीचभर वायसरचा आला. केंद्रातून दुसरा माणूस आल्यावर त्याच्या सोबतीनं मी गाडी परत आणली.

उस्ताद पोचला तेव्हा भाऊ गेला होता. साहेब मातीला जाऊन आले, त्यांनी सांगितलं. शेवटपर्यंत भाऊ दाराकडे बघत होता आणि आला का विचारत होता, असंही म्हणाले. मानवतला आमच्या दोघांत काय झालं ते साहेबांना माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी मला असं सांगितलं नसतं. मी ठरवून टाकलं की दाखल्याचा विषय संपला. वडिलांना म्हटलं, टेम्पोचे मागचे टायर बघून घ्या, बाजार सुरू करते.

भावाचं तेरावं झाल्यावर उस्ताद केंद्रात आला. दाढी वाढलेली, शर्ट तोच, बटणं मनगटापर्यंत. साहेबांनी भीतभीत यादीत अडकून राहिलेल्यांचा विषय काढला आणि माझ्याबद्दल विचारलं. मी तिथेच उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"हिला सोडा," म्हणाला. "हिचं झालं."

दाखला मिळाला, लायसन्स निघालं. हंगामाच्या आत मी मानवतला पोचले आणि आज गाठींची गाडी मीच चालवते. लेक परभणीत शिकते आहे. शेठ चांगला आहे, पण शेठ आहे. पहिल्याच हंगामात झोप सोडून निघ म्हणून त्याचा फोन आला आणि मी नाही म्हटलं, तेव्हा त्यानं माझ्या खानदानाचा उद्धार केला आणि खेप दुसऱ्याला दिली. दुसऱ्याची गाडी सुखरूप गेली आणि परत आली. असंच होतं बहुतेक वेळा. नाही म्हणणाऱ्याला कधी कळतच नाही की आपण काय वाचवलं. हे मात्र उस्तादनं शिकवलं नव्हतं, हे मला माझंच शिकावं लागलं.

केंद्र अजून आहे. तिथे आता एक गोड बोलणारा शिक्षक आला आहे, तुकड्या वेळेत बाहेर पडतात. साहेबांनी कंपनीला कळवलं होतं म्हणे, की यंत्रात मधूनमधून मालकाचा फोन येईल अशी सोय करा. कंपनीनं उत्तर दिलं की सूचनेचा विचार करू. म्हणजे त्यांनीही बघतो म्हटलं. उस्तादनं त्याच वर्षी काम सोडलं आणि सोनपेठला राहायला गेला.

तो जायच्या आधी एकदा मी पेढे घेऊन केंद्रात गेले होते. पहिला पगार झाला होता. तुकडी जेवायला गेली होती आणि तो सिम्युलेटरमागच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत एकटाच बसलेला होता. मी पेढा त्याच्या हातावर ठेवला. वाकून पाया पडले. मला जायला हवं होतं, पण जाववेना. इतके दिवस आतल्या आत कुढत होते, ते शेवटी विचारलंच.

"उस्ताद, मी चुकले का?"

"न्हाई," तो लगेच म्हणाला.

मग तो पडद्यावरच्या रिकाम्या रस्त्याकडे वळला. पेढा हातातच होता.

"चुकली असतीस तर बरं झालं असतं, माय," तो म्हणाला.